अंमलदार रहिमतपुरात उतरू द्या

आपल्याकडच्या हौशी नाटक मंडळ्यांना सगळी नाटकं चालतात, एक सोडून. शिवाजी महाराजांचं चालतं, संभाजी महाराजांचं चालतं. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये एका नवऱ्याने दोन बायका एकमेकींपासून लपवण्याची धावपळ चालते. अंधारात बसून मृत्यूवर बोलणारी दोन पात्रं चालतात, कारण स्पर्धेचे परीक्षक अशा नाटकांकडे गंभीरपणे बघतात. चालत नाही ते आपल्या गावाचं नाटक. आपली नगरपालिका, आपला दवाखाना, आपली शाळा, आपली पेठ, आपले ठेकेदार आणि त्या सगळ्यांपुढे मान डोलावणारे आपण. हा विषय निघाला की तालमीच्या खोलीत सगळे गप्प होतात आणि कुणीतरी म्हणतो, "कशाला नसती भानगड?"

ही भानगड करा, हेच मला या आठवड्यात सांगायचं आहे. आणि ती रहिमतपुरात करा.

रहिमतपूरच का? एक तर वसंत कानेटकर इथले. रविकिरण मंडळातल्या कवी गिरीशांचा हा मुलगा या गावात जन्मला, पुढे नाशिकला प्राध्यापक झाला आणि त्याने मराठी रंगभूमीला 'वेड्याचं घर उन्हात', 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'अश्रूंची झाली फुले', 'लेकुरे उदंड जाली', 'हिमालयाची सावली' अशी एकाहून एक वेगळी नाटकं दिली. १९८८ च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. कानेटकरांचं नाव घेऊन पाहुण्याला गाव दाखवणं सोपं आहे. त्या नावाला शोभेल असं नाटक गावच्या माणसांनी उभं करणं कष्टाचं आहे.

दुसरं कारण गावाच्या आकाराचं. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं हे गाव ना खेडं, ना शहर. नगरपालिका आहे, पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे, आल्या-हळदीचा आणि उसाचा पैसा आहे, आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कबरीएवढा जुना इतिहास आहे. अशा गावात सरकारी दफ्तर पोचलेलं असतं, पण माणसं अजून एकमेकांना बापाच्या नावाने ओळखतात. कोणत्या रस्त्याचं काम कुणाच्या मेव्हण्याला मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सभेत ते कुणीच बोलत नाही. विनोदी नाटकाला याहून चांगली जमीन मिळायची नाही.

नाटक कोणतं, तेही सांगतो. निकोलाय गोगोल या रशियन लेखकाचं १८३६ सालचं नाटक. पु. ल. देशपांड्यांनी १९५२ साली ते 'अंमलदार' या नावाने मराठीत आणलं, म्हणून आपल्याला ते परकं नाही. गोष्ट साधी आहे. एका आडबाजूच्या गावात बातमी येते की राजधानीतून तपासणी अधिकारी निघालाय, आणि तो आपली ओळख लपवून येणार आहे. गावच्या कारभाऱ्यांची पाचावर धारण बसते. त्याच वेळी खाणावळीत एक फुटकळ कारकून मुक्कामाला असतो. जुगारात पैसे घालवलेले, खोलीचं दोन आठवड्यांचं बिल थकलेलं. गाव त्यालाच अधिकारी समजतं. त्याला कुणाला फसवायचंही नसतं. गाव स्वतःहून फसतं, त्याच्या हातात पैसे कोंबतं, नगरप्रमुख त्याला घरी नेतो, मुलगी द्यायला निघतो.

या नाटकाची खरी ताकद मला सुरुवातीच्या धावपळीत दिसते. नगरप्रमुख हुकूम सोडायला लागतो. दवाखान्यात रोग्यांना स्वच्छ टोप्या घाला, आणि रोगीच कमी दिसतील असं बघा. कचेरीच्या दारात पहारेकऱ्याने पाळलेली बदकं हलवा. चांभाराच्या घराजवळचं जुनं कुंपण पाडा आणि तिथे एक खांब रोवा, म्हणजे काहीतरी बांधकाम चाललंय असं वाटेल. पाडापाडी जितकी जास्त तितका कारभार जोरात दिसतो. आणि पाच वर्षांपूर्वी प्रार्थनामंदिरासाठी मंजूर झालेल्या पैशांबद्दल कुणी विचारलं, तर सांगायचं की बांधायला घेतलं होतं, पण जळालं.

हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं, रशियातलं. आता आपल्याकडे मंत्र्याचा दौरा लागला की काय होतं ते आठवा. ज्या रस्त्याने गाडी जाणार तेवढ्याच रस्त्यावर रातोरात डांबर पडतं. दुभाजकाला पिवळा-काळा रंग लागतो. दवाखान्यातल्या खाटांवर नव्या चादरी येतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. शाळेच्या पोरांना उन्हात दुतर्फा उभं करतात. या गोष्टी आपण वर्षानुवर्षं बघतो, घरी येऊन त्यावर हळहळतो. नाट्यगृहात बसून चारशे माणसांनी एकत्र त्यावर हसायची सोय मात्र आपण कधी केली नाही. घरातल्या हळहळण्याला कुणी भीत नाही. चारशे माणसांच्या हसण्याला भितात, आणि भ्यायलाच पाहिजे.

शेवटचा अंक तर हौशी नटांसाठीच लिहिल्यासारखा आहे. खोटा अधिकारी पैसे घेऊन निघून गेलाय. नगरप्रमुखाच्या घरी अभिनंदनाला गाव जमलंय. तेवढ्यात पोस्टमास्तर धावत येतो. लोकांची पत्रं फोडून वाचायची त्याला सवयच. त्याने या पाहुण्याचं मित्राला लिहिलेलं पत्र फोडलंय. त्या पत्रात गावातल्या एकेका बड्याचं वर्णन आहे. पोस्टमास्तर मोठ्याने वाचायला लागतो. नगरप्रमुखाबद्दलचं वाक्य तो चवीने वाचतो. स्वतःबद्दलचं आलं की अडखळतो. मग धर्मादाय दवाखान्याचा प्रमुख पत्र हातात घेतो, आणि स्वतःची ओळ आली की म्हणतो, इथे अक्षर लागत नाही, पुढचं वाचू. तिसरा पत्र ओढून घेतो, त्याला ते अक्षर व्यवस्थित लागतं. प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकायचंय आणि स्वतःचं गाळायचंय. या प्रवेशाला नेपथ्य लागत नाही, प्रकाशयोजना लागत नाही. एक कागद आणि तो एकमेकांच्या हातून ओढणारी सात-आठ माणसं लागतात. किराणा दुकानदार, शिक्षक, एसटीचा वाहक, वायरमन, बँकेतला शिपाई, कुणीही उत्तम करेल, कारण दुसऱ्याचं ऐकायचं आणि आपलं गाळायचं याची तालीम आपण सगळे रोज करतो.

आणि मग नगरप्रमुख थेट प्रेक्षकांकडे वळतो आणि हसताय कुणाला म्हणून विचारतो. लगेच निरोप येतो की खरा अधिकारी गावात दाखल झालाय. सगळे जागच्या जागी थिजतात. गोगोलने सूचना लिहून ठेवली आहे की हे थिजलेलं दृश्य जवळजवळ दीड मिनिट तसंच ठेवायचं. रंगमंचावर दीड मिनिट न हलता उभं राहून बघा, किती लांब असतं ते. प्रेक्षक आधी हसतात, मग थांबतात, मग शेजारच्याकडे बघायला लागतात.

आता बदनामीचा मुद्दा. "आपल्याच गावाची बदनामी कशाला?" हे वाक्य १८३६ साली पीटर्सबर्गातही बोललं गेलं. पहिल्या प्रयोगाला झार पहिला निकोलस स्वतः बसला होता. तो खदखदून हसला आणि म्हणाला की सगळ्यांनाच चपराक बसली, मला सगळ्यात जास्त, असं सांगतात. देशाचा सर्वसत्ताधीश हसला; चिडले ते मधले. मधल्या अधिकाऱ्यांनी आणि त्यांची तळी उचलणाऱ्या टीकाकारांनी ओरड केली की या माणसाने रशियाला काळिमा फासला. गोगोल इतका खचला की त्याच वर्षी देश सोडून निघून गेला. आज त्या चिडलेल्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. ज्या गावाला स्वतःवर हसता येतं त्या गावाची बदनामी होत नाही. निधी मंजूर होतो आणि इमारत उभी राहत नाही, तेव्हा बदनामी होते.

शिवाय हे परदेशी खूळ आहे असं तर कुणी सातारा-सांगलीकडच्या माणसाने म्हणूच नये. इथली मातीच या विनोदाची आहे. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येते, ती कशासाठी असते? कसलेला सोंगाड्या गावात उतरला की आधी चार जणांशी बोलून गावची खबर काढायचा आणि रात्री बोर्डावर त्याच गावच्या पाटलाला, सावकाराला चिमटा काढायचा. पाटील पुढे बसलेला असायचा आणि त्याला हसावं लागायचं. सत्यशोधक जलशांनी याच जिल्ह्यात गावोगाव फिरून भटजी, शेटजी आणि अंधश्रद्धा यांची सालं काढली. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'शारदा' रंगमंचावर आणलं. कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेला म्हातारा आणि पैसे मोजून घेणारा बाप प्रेक्षकांना दाखवला, तेव्हा अशी लग्नं ज्यांच्या घरात होत होती तेही समोर बसलेले होते.

आणि अण्णाभाऊ साठे. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मलेला हा माणूस. वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे कानेटकर आणि अण्णाभाऊ दोघेही जन्माने एकाच जिल्ह्याचे. एक कवीच्या घरातला, प्राध्यापक झालेला. दुसरा मांगवाड्यातला, शाळेत टिकू न दिलेला. अण्णाभाऊंनी 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' असे वग लिहिले. शीर्षकंच बघा: निवडणूक, मंत्री, दौरा. अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. मुंबई सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्यांनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. ज्या मातीत ही हिंमत होती तिथल्या मंडळ्या आज नगरसेवक नाराज होईल म्हणून संहितेतलं वाक्य कापतात. याची मला लाज वाटते, आणि ती वाटते म्हणूनच हे लिहितोय.

राज्य हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिचे उपकार मोठे आहेत. गावोगावचे लेखक, नट, दिग्दर्शक तिने घडवले. पण आता बऱ्याच मंडळ्यांचं वर्षाचं नाटक म्हणजे स्पर्धेचा एक प्रयोग, एवढंच उरलंय. सातारा-सांगलीला जाऊन परीक्षकांपुढे एकदा करायचं, निकाल लागला की नेपथ्य गोदामात टाकायचं. ज्या गावात चार महिने तालमी झाल्या त्या गावाला नाटक दिसतच नाही. मग गाव नाटक बघत नाही म्हणून रडायचा अधिकार आपल्याला उरत नाही. नाटक आधी गावात करा. पाच प्रयोग गावात झाले, शेजारच्या औंधात, कोरेगावात, वाठारात झाले, की मग स्पर्धेला जा.

औंधाचं नाव मुद्दाम घेतलं. रहिमतपूर हे औंधला जायचं स्टेशन. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली स्वतःची सत्ता गावपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. या भागाने राजाला अधिकार सोडताना पाहिलंय. आणि याच भागातल्या नगरपालिका आपण गेल्या काही वर्षांत कशा बघितल्या? राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर २०२१-२२ पासून प्रशासक बसला होता. निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. इतकी वर्षं लोकांनी निवडलेलं कुणी नाही आणि सही एका साहेबाची. नळाला पाणी आलं नाही तर दाद कुणाकडे मागायची हे कुणाला कळेना. गोगोलचा नगरप्रमुख ज्याला घाबरतो तो वरून आलेला साहेब म्हणजे नेमका काय, हे आपल्या पिढीने अनुभवलंय. आता नवे सदस्य निवडून आलेत. त्यांना पहिल्याच वर्षी हे नाटक दाखवायला हवं, सवयी लागायच्या आत.

बायकांच्या भूमिकांबद्दल मला विशेष बोलायचंय. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात अजूनही नटी बाहेरून आणतात. कोल्हापूर, सांगली, मिरजेतून. त्या कलावंतिणी बिचाऱ्या दुपारी एसटीने येतात, संध्याकाळी एक तालीम करतात, रात्री प्रयोग करून पहाटे परत जातात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात एका तालमीवर भूमिका उभी करणं खायचं काम नाही. पण गावात शिक्षिका आहेत, आशाताई आहेत, बचत गट चालवणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्यातल्या एकीलाही मंडळ बोलावत नाही. या नाटकात नगरप्रमुखाची बायको आणि मुलगी या दोन मोठ्या भूमिका तर आहेतच. त्याहून महत्त्वाची एक छोटी भूमिका आहे. एका हवालदाराची विधवा. नगरप्रमुखाने तिला चुकून फटके मारलेले असतात, आणि वर तो खोट्या अधिकाऱ्याला सांगतो की तिने स्वतःच स्वतःला मारून घेतलं. ही बाई दाद मागायला येते. रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी आठ हेलपाटे घातलेल्या बाईला ही भूमिका द्या. तिला अभिनय शिकवायला लागणार नाही.

आता कामाच्या गोष्टी.

पु.लं.चं 'अंमलदार' करायचं असेल तर हक्कदारांची लेखी परवानगी घ्या आणि मानधन द्या, फुकट करू नका. स्वतःचं रूपांतर करायचं असेल तर गोगोल १८५२ सालीच वारला, त्याच्या मूळ नाटकावर आता कुणाचा हक्क नाही. मला दुसरी वाट जास्त पसंत आहे. गावातल्या दोन शिक्षकांनी आणि एका पत्रकाराने बसून ते आपल्या बोलीत लिहावं. "आलाय व्हय सायब? कुटं उतारलाय?" असं पहिलंच वाक्य असू दे. पात्रांना खऱ्या माणसांची नावं देऊ नका, खऱ्या सवयी द्या. नाव घेतलं की कोर्टात जाणं सोपं होतं, सवयीवर जाणं अवघड. मग संहिता मंजुरीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून कुणाच्या तरी ओळखीने सही आणायची, हे या नाटकाच्या बाबतीत तरी करू नका.

आणि सत्कार बंद. खुल्या मैदानात ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हा २००० सालापासूनचा नियम आहे. आठचं नाटक पावणेनऊला सुरू होतं, कारण व्यासपीठावर अकरा मान्यवर, अकरा शाली, अकरा नारळ आणि प्रत्येकाचे दोन शब्द. दोन शब्दांचं भाषण होतं. मग शेवटचा अंक घाईत गुंडाळतात. या नाटकाचा शेवटचा अंक गुंडाळला तर नाटकच उरत नाही. ज्या मंडळींवर हे नाटक आहे त्यांनीच आधी माईकवर बोलून त्याचा शेवट खाल्ला, असं व्हायला नको. कुणाच्या देणगीचा फलक नको, कारण देणगी घेतली की देणगीदाराच्या गल्लीबद्दलचं वाक्य जातं. पन्नास रुपये तिकीट लावा. पुढच्या दोन रांगा राखीव ठेवू नका. नगराध्यक्षांनी, मुख्याधिकाऱ्यांनी, पोलीस निरीक्षकांनी तिकीट काढावं आणि नंबर येईल तिथे बसावं. ते हसले तर त्यांचा मान वाढेल. उठून गेले तर कोण कुठल्या प्रवेशाला उठला हे गाव लक्षात ठेवेल.

धमक्या येतील का? फोन येतील. हॉल ऐनवेळी दुसऱ्याच कार्यक्रमाला दिला गेला असं कळेल. वीजजोडणीत काहीतरी निघेल. म्हणून एकट्यादुकट्याने हे करू नये. शाळा, वाचनालयं, गणेश मंडळं, व्यापारी, सगळ्यांतली दोन-दोन माणसं घ्या, सगळ्या पक्षांच्या घरातली पोरं घ्या. नगरसेवकाचा पुतण्याच पोस्टमास्तर झाला की फोन करायचा कुणाला?

विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं तो ५ नोव्हेंबर आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. रहिमतपूरच्या मंडळींनी त्या दिवशी फलकाला हार घालून घरी जाऊ नये. त्या संध्याकाळी संहितेचं पहिलं वाचन ठेवावं, उघड्यावर, येईल त्याला बसू द्यावं. कानेटकरांची जयंती २० मार्चला असते. मध्ये साडेचार महिने आहेत. हौशी मंडळीला नोकरी-धंदा सांभाळून एवढा वेळ पुरतो. २० मार्चला पहिला प्रयोग लावा.

आणि वाचकहो, तुम्ही कराडचे असा, वाईचे असा, विट्याचे किंवा तासगावचे असा, प्रयोग लागल्याचं कळलं की जा. पासची चौकशी करू नका. पन्नास रुपये खिशातून काढा, तिकीट घ्या, आणि परत आल्यावर आपल्या गावच्या मंडळाला विचारा की आपण कधी करतोय.